सीनेचा झिरा आणि स्लाव विशेषणं

सोलापूर

पाऊस हुकलेल्या सालच्या उन्हाळ्यात करमाळ्याकडे जायला आमच्या सोलापुरातलं कुणी हौसेनं निघत नाही. मी गेलो तो एका परदेशी पाहुण्यामुळे. परत आल्यावर शाळेतल्या सहकाऱ्यांनी आणि पेठेतल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "मास्तर, त्या साहेबाला तिकडं बघायचं तरी काय होतं?" मला कुणालाच धड सांगता आलं नाही. तोंडी सांगायला गेलो की मधलंच काहीतरी आधी आठवायचं. म्हणून आता घडलं तसं लिहून काढतो.

पाहुण्यांचं नाव डॉक्टर मारेक. झेक देशातले. औषधं देणारे नव्हे, भाषेचे डॉक्टर. उंच, वाळके, पन्नाशी उलटलेले. पुण्याच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी त्यांना माझ्याकडे धाडलं होतं, कारण मी शाळेत संस्कृत शिकवतो आणि जिल्ह्यात थोडाफार फिरलेलो आहे. सात रस्त्याहून टांगा करून ते रोज सकाळी भवानी पेठेत माझ्या दोन खोल्यांत येत आणि सतरंजीवर मांडी घालायचा प्रयत्न करत. शेजारी मागाची खटखट चाललेली असे. शेजारी पद्मसाळी, घरात तेलुगू बोलतात, दारात आले की मराठी. मारेकसाहेबांना याचं फार कौतुक. भिंतीला कान लावून ऐकत बसत.

त्यांचं काम असं होतं. रशियन, पोलिश, झेक, सर्बियन या सगळ्या भाषा ज्या एका जुन्या भाषेतून निघाल्या, तिला ते आदि-स्लाव म्हणत. ती बोलणारे कधीच मातीत गेले आणि जाताना एक ओळही लिहून ठेवली नाही. आजच्या भाषा एकमेकींशेजारी ठेवून तिचे शब्द पुन्हा बांधून काढायचे. असा बांधलेला शब्द लिहिला की पंडित लोक त्याच्यापुढे एक तारका काढतात. तारकेचा अर्थ, हा शब्द कुणी कानांनी ऐकलेला नाही.

त्यातही मारेकसाहेबांनी घेतली होती ती विशेषणं. ती मुळात आली कुठून, यावर त्यांचा ग्रंथ चालला होता. "नोवु म्हणजे तुमचं नव," ते सांगत. "नगु म्हणजे नग्न. पिल्नु म्हणजे पूर्ण. झिवु म्हणजे जीव, जिवंत. आणि पाहा, पूर्ण म्हणजे कुणीतरी भरलेलं. मृत म्हणजे मेलेलं. विशेषण वस्तूबरोबर जन्माला येत नाही, मास्तर. वस्तूवर आधी काहीतरी ओढवतं. त्याची खूण म्हणून विशेषण मागं राहतं." सगळ्याच विशेषणांचं असं आहे हे त्यांच्याकडचे पंडित मानत नव्हते. संस्कृत त्यांना ग्रंथांतून येत होतं, मराठी येत नव्हतं; आमचं बोलणं इंग्रजीत चाले. पण हे शब्द ज्यांच्या तोंडी अजून माती, पाणी, जनावर यांना चिकटून आहेत अशी माणसं त्यांना ऐकायची होती. मी धनगरांचं नाव घेतलं आणि आमचं जायचं ठरलं.

जेऊर आणि करमाळा

रेल्वेचं सांगण्यासारखं काही नाही. जेऊरला उतरलो आणि रसूलभाईंचा टांगा केला. रसूलभाई साठीचे, दाढी मेंदीनं रंगवलेली, घोड्याशी बोलत हाकणारे. रस्त्याला दोन्ही अंगांना नुसता माळ. बाभळीचा पाला जनावरांसाठी ओरबाडून नेलेला, त्यामुळे झाडं काटेच तेवढे घेऊन उभी. एका ओढ्यात बैलाचा सांगाडा पडला होता. मारेकसाहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. त्यांच्याकडे मृतापुढे टोपी काढतात, पण बैलापुढे काढतात की नाही हे त्यांनाच ठरवता येईना.

करमाळ्यात एक मुक्काम केला. कमलाभवानीचं दर्शन घेतलं. देवळाच्या पायऱ्यांवर माणसं बसून होती. मागत नव्हती, नुसती बसून होती. बाजारात जनावरं विकायला आणलेली आणि घेणारा कुणी नाही. साहेबांनी एका गाईच्या बरगड्यांकडे बोट दाखवून विचारलं, हिला काय म्हणता? मी म्हटलं, रोड. ते म्हणाले, "आमच्या जुन्या भाषेत तुश्चि. रिकामं, पोट खपाटीला गेलेलं. रशियात उपाशीपोटी याला अजून त्यातलाच शब्द आहे. तुमचा तुच्छ तोच." मी चमकलो. तुच्छ म्हणजे हलका, कमी लेखलेला, एवढंच मी मुलांना शिकवत आलो होतो. उपाशी माणसाचा शब्द हलक्या माणसाला कसा लागला असेल याचा विचार करत मी त्या पायऱ्या उतरलो.

सांगोल्याकडचे धनगर पाण्यामागं सरकत सीनेच्या काठाला आले आहेत असं रसूलभाईंना माहीत होतं. निघताना ते म्हणाले, "साब, उधर पानी का नाम नक्को लो. अपना पानी अपन लेके चलेंगे." त्यांनी दोन मोठे माठ टांग्यात बांधून घेतले. नदीकडे उतरणारी वाट म्हणजे सगळा खडक. एका उतारावर चाक घसरलं, टांगा कलंडला, आणि आम्ही कुणी खरचटण्यापलीकडे न दुखावता उठलो तेव्हा दोन्ही माठ फुटलेले होते. ओल पसरली आणि बघता बघता नाहीशीही झाली. रसूलभाई घोड्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. "गया सब," एवढंच म्हणाले.

तिथून परतायला हवं होतं का? घोडा दमला होता आणि करमाळ्यापेक्षा नदी जवळ होती. आम्ही पुढं गेलो.

सीनेच्या काठी

नदी म्हणजे वाळूचा रुंद पट्टा. काठावर चार पालं, काट्यांचं कुंपण, आत मेंढरं. मेंढरं ओरडतसुद्धा नव्हती. पालातून एक म्हातारा पुढं आला, खांद्यावर घोंगडं, कपाळाला भंडारा. हे बिरूआबा. मारेकसाहेबांनी हात जोडून, पाणी मागायचं पाठ केलेलं संस्कृत वाक्य म्हटलं, "जलं ददातु भवान्."

आबांनी मला विचारलं, "भटजी हाय का ह्यो?"

त्या दिवसात मी तेवढाच मनापासून हसलो. आमची हकिकत सांगितली, फुटलेल्या माठांचीही. आबांनी घोड्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. मुलगा मायाप्पा, तिशीचा, रुंद छातीचा. तो घागर घेऊन नदीत उतरला.

वाळूत त्यांनी झिरा काढला होता, म्हणजे पाझराच्या पाण्यासाठी खणलेला खड्डा. माणूस आत उभा राहिला तर डोकं दिसू नये एवढा खोल. तळाशी वाटी वाटीनं पाणी जमायचं, ते भरून वर द्यायचं. मायाप्पा आत, त्याची बायको सगुणा वर. आम्हाला पाणी मिळालं. घोड्यालाही मिळालं, आणि घोडा किती पितो हे त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. रसूलभाईंनी त्याचं तोंड दोनदा मागं ओढलं. आबा म्हणाले, "पिऊ द्या. मुकं जनावर हाय."

संध्याकाळी हुलग्याचं माडगं आणि बाजरीची भाकरी मिळाली. आमच्या घरी माडगं आजाऱ्याला देतात. इथं तेच जेवण होतं. मारेकसाहेबांनी ते पिऊन विचारपूस सुरू केली. मला वाटलं होतं, ही माणसं असल्या प्रश्नांना कंटाळतील. पण सगुणाला त्यात गोडी वाटली. ती चुलीपाशी बसूनच उलट विचारायला लागली.

"मास्तर, त्येंना इचारा की, नव्या घोंगड्याला काय म्हणत्यात?"

"नोवी," मारेकसाहेब म्हणाले.

"अन् नागड्याला?"

"आजच्या भाषेत नही. जुन्या भाषेत नगु."

"नगु!" मायाप्पा हसला. "आमी नगं म्हणतो ते येगळं."

मग सगुणानं समोरच्या नदीकडे हात केला. "ह्ये असं सुकं पडल्यालं. ह्येला?"

साहेबांनी त्यांच्या आजच्या भाषेतला शब्द सांगितला. "सुखी."

मग सगुणा तोंडाला पदर लावून हसत सुटली. "आमी सुखी, मेंढरं सुखी, नदी सुखी! मग आमच्यावानी सुखी कोन न्हाय की!" आबासुद्धा हसले. मी साहेबांना समजावून सांगितलं की आमच्यात सुखी म्हणजे काय. ते हसले नाहीत. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि नदीकडे बघत राहिले.

नंतर त्यांनी आपला मोठा प्रश्न विचारला, मी तो सोपा करून सांगितला. नदी सुकी आहे म्हणून सुकली म्हणता, की सुकली म्हणून सुकी म्हणता?

बिरूआबांनी मान हलवली. "नदी नदीच हाय. पानी गेलं तिचं," ते म्हणाले आणि झोपायला गेले. साहेबांना हे उत्तर आपल्या बाजूचं वाटलं की विरुद्ध, ते मी विचारलं नाही.

दुसरा दिवस

सकाळी उठलो तेव्हा पालांमध्ये कुजबूज होती. झिऱ्यात रात्रभरात जमतं तेवढं पाणी जमलं नव्हतं. आदल्या दिवशीच्या उपशानं तळ कोरडा पडला होता. मेंढरं कुंपणाला छाती लावून उभी होती. मायाप्पा म्हणाला, आणखी खाली जायला हवं. आबा म्हणाले, बाजूची वाळू आधी मागं ओढ, मग उतर. मायाप्पा म्हणाला, ऊन चढायच्या आत व्हायला पायजे, तोवर मेंढरं दम धरायची न्हाईत. तो कुदळ घेऊन उतरला.

आम्ही काठावर होतो. मारेकसाहेब दाढी करत होते, पाण्याशिवाय. झिऱ्यातून कुदळीचा आवाज येत होता, सगुणा पाटीनं वाळू वर ओढून टाकत होती. ती एकदा ओरडली. मला वाटलं पाणी लागलं.

आम्ही धावत पोचलो तेव्हा झिराच नव्हता. तिथं वाळूत एक उथळ खळगा होता आणि सगुणा पालथी पडून दोन्ही हातांनी वाळू मागं फेकत होती. सगळे खणायला लागलो. आबा, शेजारच्या पालातली माणसं, रसूलभाई, मी, साहेब. खोरी दोनच होती, बाकी सगळे हातांनी. वाळू काढावी तेवढी बाजूनं पुन्हा आत येई. मारेकसाहेबांची नखं फुटून रक्त येऊ लागलं, पण त्यांना ते कळत नव्हतं. ते आपल्या भाषेत काहीतरी एकसारखं म्हणत होते. रसूलभाई अल्लाचं नाव घेत होते. सगुणा नुसती वाळू मागं फेकत होती.

सूर्य डोक्यावर आला तेव्हा मायाप्पाचा हात लागला, आणि मग तो. त्याला वर घेतलं. आबांनी त्याच्या तोंडातली वाळू बोटानं काढली, नाकपुड्या साफ केल्या, पुन्हा तोंडातली काढली. पुष्कळ वेळ काढत राहिले. कुणी त्यांना थांबवलं नाही.

तो जिथून निघाला तिथं, एवढ्या खोलवर गेल्यामुळे, पाणी यायला लागलं होतं.

गावचे पाटील आले, पंच आले, बघून गेले. तिसऱ्या प्रहरी काठावरच्या माळावर माती दिली. खांदा द्यायला माणसं कमी होती. मारेकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी आबांना विचारलं, आबांनी मान डोलावली, आणि त्या परदेशी माणसानं एका धनगराला खांदा दिला. ते उंच असल्यानं त्यांना गुडघ्यात वाकून चालावं लागत होतं.

परत आल्यावर एका म्हातारीनं सगुणाला दगडापाशी बसवून तिच्या बांगड्या फोडल्या. साहेब पाठ फिरवून उभे राहिले, पण आवाज ऐकू येतच होता. आमच्याकडे, शहरातल्या घरांतही, हे होतं. मी ते दारांआड होताना ऐकलेलं होतं; उघड्या माळावर, मेंढरांच्या देखत होताना कधी पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी त्याच खड्ड्यातलं पाणी मेंढरांना पाजलं. दुसरं नव्हतं. आम्हालाही तेच दिलं.

मी आबांपाशी जाऊन बसलो. मनात होतं ते कसंबसं बोललो, की आम्ही आलो नसतो, घोडा प्याला नसता, तर. आबांनी मला पुरतं बोलू दिलं नाही.

"पानी तुमीच प्यालासा का? मेंढरं प्याली. म्या प्यालो. त्योबी प्यालाच की." मग म्हणाले, "आसं मोजत बसलो तर मला हितंच बसावं लागंल. मला मेंढरं फुडं न्यायचीत."

त्यांनी दोष दिला असता तर मला सोपं गेलं असतं.

निघताना

रसूलभाई लगेच निघू म्हणत होते, पण घोडा लंगडत होता म्हणून आणखी एक दिवस राहावं लागलं. मारेकसाहेबांनी वही उघडली नाही. ते लाकडं गोळा करून आणत, कुंपणाचे काटे सारखे करत, आणि कुणाच्या वाटेत येणार नाही असं बघत. नदीच्या खालच्या अंगाच्या पालांतून भेटायला बाया येत होत्या. त्यांतल्या एकीनं दुसरीला विचारलेलं मी ऐकलं, "सगुणा ती कंची?" आणि उत्तर आलं, "ती न्हाय का, ती रंडकी."

साहेबांनी मला सोलापुरात एक गोष्ट सांगितली होती. त्यांच्या जुन्या भाषेत विशेषणाच्या शेवटी एक सर्वनाम चिकटे, आपल्या संस्कृतातल्या 'यः'चं, म्हणजे 'जो'चं, भावंड. नुसतं 'आंधळा' म्हणजे कुणीही आंधळा. ते शेपूट लागलं की 'तो आंधळा', सगळ्यांना ठाऊक असलेला, एकच. पुढं ते शेपूट असं घट्ट बसलं की काढता येईना. मी तेव्हा ते व्याकरण म्हणून ऐकलं होतं. काल दुपारपर्यंत नाव असलेल्या बाईला एका दिवसात ते कसं बसलं, हे आता समोर होतं. मी साहेबांना ते भाषांतर करून सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

निघायच्या सकाळी टांगा जोडला. आबांना नमस्कार केला. सगुणा कुंपणापाशी होती, कपाळ कोरं, हात मोकळे. मारेकसाहेब तिच्यापुढे गेले, टोपी काढली आणि तसेच उभे राहिले.

तीच बोलली. माझ्याकडे वळून, पण बघत होती त्यांच्याकडे.

"इचारा त्येंना. त्येंच्या देशात मला आता काय म्हणत्यात?"

मी म्हटलं, असलं काही विचारू नकोस, बाई.

"इचारा की, मास्तर. त्या दिशी समदं सांगत हुते."

मी विचारलं. साहेबांना प्रश्न कळला. मला वाटलं, शब्द ठाऊक नाही म्हणतील. पण ते खोटं बोलणारे नव्हते. त्यांनी हळूच सांगितलं, "व्दोवा."

तिनं ओठांतल्या ओठांत तो शब्द म्हणून पाहिला. मग मला विचारलं, "इधवा?"

"हो. तोच शब्द आहे."

"तितंबी त्योच?"

"तिथंही तोच."

सगुणा काही वेळ त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली. इतक्या लांबून आलेला माणूस, इतक्या समुद्रांपलीकडचा, आणि त्याच्या गावातही हेच. मला वाटलं ती रडेल. त्या तीन दिवसांत ती माझ्या देखत रडली नव्हती. पण तिनं कुंपणाचं काटेरी झुडूप बाजूला ओढलं. "सरा बाजूला," ती म्हणाली. "मेंढरं तान्हेली हायती." आणि कळप घेऊन ती नदीत उतरली.

कुर्डूवाडी

साहेबांना पुढं सांगोल्याकडे जायचं होतं, ते त्यांनी रद्द केलं. जेऊरला उतरल्यावर रसूलभाईंनी आम्हा दोघांचे हात धरले आणि डोळे पुसत घोड्याकडे गेले.

गाडीत बसल्यावर मारेकसाहेबांनी बोटांना चिंध्या बांधल्या. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले की त्यांच्या आईला त्यांच्या जन्माआधीपासून त्याच 'व्दोवा' शब्दानं हाक मारत असत. गावात दुसऱ्या कुठल्या नावानं तिला कुणी ओळखतच नसे. पस्तीस विशेषणांवर त्यांनी प्रकरणं लिहिली होती. त्या शब्दावर लिहायचं ते दर वर्षी पुढं ढकलत आले होते. तो मुळात नाम की विशेषण, यावर अजून वाद आहे, असंही ते म्हणाले, सवयीनं. म्हणजे काहीतरी काढून घेऊन मोकळी केलेली, रिकामी केलेली, असं पंडित म्हणतात. एवढं बोलून त्यांनी हात हलवला, जणू माशी हाकलावी तसा.

मी म्हटलं, "आता लिहाल?"

"नाही," ते म्हणाले. "मला आता त्या शब्दापुढे तारका काढता येणार नाही. मी तो ऐकला."

कुर्डूवाडीला गाडी पुष्कळ वेळ थांबते. उन्हानं डबा तापलेला. फलाटावरून पाणीवाले बादल्या घेऊन निघाले आणि नेहमीच्या सुरात ओरडू लागले. एका बाजूनं "हिंदू पाणी, हिंदू पाणी", दुसऱ्या बाजूनं "मुसलमान पाणी". आम्ही लहानपणापासून हे ऐकतो, ते आमच्या कानांतही शिरत नाही. मारेकसाहेबांनी मान वर केली. पुन्हा ऐकलं. मला अर्थ विचारला. मी सांगितला.

आठवडाभर मी त्यांना एकेका शब्दामागं धावताना पाहिलं होतं, त्यामुळे मी वाट पाहत होतो की आता ते विचारतील, हे विशेषण पाण्याला केव्हापासून लागलं, कशावरून लागलं, आधी काय घडलं. त्यांनी काहीच विचारलं नाही. जो पाणीवाला आधी खिडकीशी आला त्याच्यापुढे त्यांनी चिंध्या बांधलेली ओंजळ धरली. त्यानं साहेबाकडे बघून क्षणभर अनमान केलं आणि वरून धार सोडली. ते पुष्कळ प्याले. मग सरकून मला जागा करून दिली, आणि मीही प्यालो.